टाकाऊतून घडवताना (भाग ६) : सर्किट बोर्डाच्या चकत्या

गेल्या आठवड्यात जुन्या संगणकातून मदरबोर्ड सुटा केला. आज त्याच्या गोल चकत्या कापून कपाटाच्या लाकडी मुठींवर बसवू.

कापण्याआधी बोर्ड उजेडात धरून नीट पाहा. प्रोसेसरची जागा आणि मेमरीच्या खाचा यांच्यामधल्या पट्ट्यात तांब्याच्या काही रेषा नागमोडी गेलेल्या दिसतील. ती शोभा मुद्दाम केलेली नाही. सगळे संदेश एकाच वेळी पोहोचायचे तर वाटांची लांबी सारखी हवी, म्हणून जवळच्या वाटेला वळणं देऊन लांबवलेलं असतं. माझ्या मते बोर्डावरची सर्वांत देखणी नक्षी हीच. चकती इथूनच काढा. १९७० च्या आसपासचा, हाताने पट्ट्या चिकटवून आखलेल्या गोलसर रेषांचा बोर्ड भंगारात मिळालाच, तर त्याला करवत लावू नका. तो अख्खाच चौकटीत बसवण्याच्या लायकीचा आहे.

हिरवा रंग हा वरचा लेप. त्याखाली तांबं, आणि तांब्याखाली काचतंतूंचं कापड इपॉक्सीत घट्ट बसवलेलं. जाडी बहुधा १.६ मिलिमीटर. त्या काचेमुळेच हे काम जपून करावं लागतं. कोरडं कापलं किंवा घासलं की बारीक भुकटी उडते, अंगाला खाज सुटते आणि ती श्वासावाटे आत जाते. त्यामुळे बारीक दातांची करवत, पाण्याचा सतत शिडकावा, एन-९५ मास्क आणि चष्मा, एवढं हवंच. कडा वॉटर पेपरने ओल्याच घासा. स्वयंपाकघरात हे काम नकोच.

सुटे भाग काढायला बोर्ड तापवू नका. गॅसवर किंवा शेकोटीत तर कधीच नाही. आग पसरू नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायनं घातलेली असतात आणि जळताना त्यांचा विषारी धूर होतो. आपल्याला भाग परत वापरायचे नाहीत. कटरने छाटून टाका, मागच्या बाजूच्या तारांची टोकंही सपाट करा. युरोपने १ जुलै २००६ पासून झाळकामातल्या शिशावर निर्बंध आणले. त्याआधीच्या बोर्डांत कथील आणि शिसं मिसळलेलं असणारच असं धरून चाला: हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

चकती वाळली की मुठीवर इपॉक्सीने चिकटवा. मग वरून आणि कडेने दोन भागांच्या पारदर्शक रेझिनचा लेप द्या. शिसं आणि काचतंतू त्याखाली बंद होतात, रंगही खुलतो. रेझिन पूर्ण कडक होईपर्यंत मूठ वापरू नका. लहान मुलांच्या खेळण्यांवर मात्र या चकत्या लेप देऊनही लावू नयेत.

भुकटी ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधा, आणि उरलेले तुकडे घरच्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रातच द्या.