‘म्हणून’ची परीक्षा : कागदपत्रांच्या संग्राहकांस हेत्वाभासांचा उपयोग

जुना कागद हातीं आला म्हणजे त्याचा काळ, लेखक आणि अस्सलपणा यांविषयीं आपण कांहीं विधान करतों व त्यास एखादें कारण देतों. कारण आणि विधान यांस जोडणारा ‘म्हणून’ हा शब्द इतका सहज लिहिला जातो कीं, त्याची परीक्षा करावयाची असते याचें भानच राहत नाहीं. कागद, शाई व वळण यांची पारख आपण वर्षानुवर्षें शिकतों; या ‘म्हणून’ची पारख शिकण्याचा प्रघात मात्र नाहीं. ती लहान लहान अनुमानांवर कशी करावी हें येथें दाखविण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठीं नवें शास्त्र नको. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा सतराव्या शतकांतील आटोपशीर ग्रंथ पुरेसा आहे. आठल्ये व बोडस यांनीं सिद्ध केलेली त्याची १८९७ ची आवृत्ति पुष्कळ संग्राहकांच्या परिचयाची असेल.

ज्याविषयीं बोलावयाचें तो पक्ष, जें सिद्ध करावयाचें तें साध्य, आणि ज्यावरून सिद्ध करावयाचें तो हेतु. पर्वत हा पक्ष, अग्नि हें साध्य, धूर हा हेतु. ‘जेथें धूर तेथें अग्नि’ ही व्याप्ति ठाम असेल आणि पर्वतावर धूर खरोखरच असेल, तरच अनुमान उभें राहतें. हेतु दिसावयास हेतूसारखा, पण साध्य सिद्ध करण्यास असमर्थ, तो हेत्वाभास. त्याचे पांच प्रकार आपल्या व्यवसायांतील उदाहरणांनीं पाहूं.

पहिला सव्यभिचार. ‘या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काळ दिला आहे, म्हणून पोथी त्या शकांतील.’ येथें हेतु खरा आहे. पण शके १२१२ हा ग्रंथरचनेचा शक असून तो शेंदोनशें वर्षांपूर्वीं उतरलेल्या पोथ्यांतही आढळतो. म्हणजे साध्य जेथें नाहीं तेथेंही हेतु राहतो. हाच दोष सूक्ष्म रूपानें पुष्पिकांच्या बाबतींत येतो. लेखक पुढील पोथी उतरतांना मूळ पोथीचा लेखनशकही कधीं कधीं जसाच्या तसा उतरून ठेवतो. तेव्हां पुष्पिकेंतील शक हा लेखनकाळाची वरची मर्यादा देतो. पोथी त्यापूर्वींची नाहीं एवढेंच त्यावरून ठरतें.

दुसरा विरुद्ध. ‘या पत्रांत शिवाजी महाराजांस कैलासवासी असें आदरानें म्हटलें आहे, म्हणून तें त्यांच्या हयातींतील दरबारी मनुष्याचें असावें.’ आदर खरा. परंतु हा शब्द पत्र १६८० च्या नंतरचें आहे हेंच सांगतो. हेतूनें उलटी साक्ष दिली.

तिसरा असिद्ध. ‘हें अक्षर अमक्या चिटणिसाचें आहे, म्हणून पत्र त्याच्या कारकीर्दींतील.’ व्याप्ति बरी आहे. पण अक्षर त्याचेंच हें कशावरून? त्याच्या हातचा दुसरा निर्विवाद कागद समोर नसेल, तर हेतु पक्षावर आहे हेंच सिद्ध नाहीं. पर्वतावरील धुकें धूर समजण्यासारखें हें झालें. आणि पत्राच्या काळावरून अक्षर ओळखलें असेल व आतां अक्षरावरून काळ ठरवावयाचा असेल, तर तो अन्योन्याश्रय होय.

असिद्धाच्याच पोटांत सोपाधिक हेतु येतो. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें नाहीं. ओलें सरपण असेल तर धूर होतो. तें ओलें सरपण हा उपाधि. ‘हा पाठ दहा पोथ्यांत आहे, तो दोहोंतच; म्हणून पहिला मूळचा’ या अनुमानांत असाच उपाधि लपलेला असतो. त्या दहा पोथ्या परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर त्यांच्या संख्येस वजन आहे. सर्व एकाच पोथीवरून उतरल्या असतील, तर साक्षीदार एकच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतावृत्तीच्या १९३३ च्या प्रस्तावनेंत डॉ. सुखटणकरांनीं स्वतंत्र वाचनांच्या एकमतास महत्त्व दिलें, तें याच कारणानें.

चौथा बाधित. ‘पत्रावर शके १६९० चा काळ आहे, म्हणून हा कागद त्या वर्षीं लिहिला गेला.’ कागद उजेडासमोर धरतांच आंत इसवी सन १८११ चें जलचिन्ह दिसलें, तर प्रत्यक्षानें अनुमान बाधलें. शके १६९० म्हणजे इसवी १७६८–६९. हा कागद अस्सल नव्हे, हें ठरलें. मजकूर बनावट आहे, हें मात्र ठरलें नाहीं. ती खऱ्या पत्राची नक्कल असूं शकेल.

पांचवा सत्प्रतिपक्ष, यांत एका हेतूसमोर उलट साध्य सांगणारा दुसरा हेतु उभा राहतो. शिवजन्मतिथीचा वाद याचें ठळक उदाहरण आहे. बखरींच्या आधारें शके १५४९ वैशाख शुद्ध २ ही तिथि सांगत. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, अशी नोंद निघाली. शकांत १२ मिळवून ६० नें भागलें असतां बाकी संवत्सराचा अनुक्रम देते. १५५१ ला बाकी ३ राहते, म्हणजे शुक्ल संवत्सर. शकावलींतही तेंच आहे. जूलियन गणनेनें त्या दिवशीं १९ फेब्रुवारी १६३० येते व वार शुक्रवारच येतो. ‘गणित जुळलें, म्हणून तिथि खरी’ असें म्हणण्याचा मोह येथें होतो. परंतु १५४९ ला बाकी १, म्हणजे प्रभव; शके १५४९ ला प्रभव जोडणारें टिपणही संवत्सराच्या कसोटीस उतरेल. गणित जुळणें हें आवश्यक, पण पुरेसें नव्हे. वाद सुटला तो निराळ्या वाटेनें. महाराजांच्या आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंदाचें शिवभारत आणि राजस्थानांत मिळालेली जन्मपत्रिका या दोन साधनांनीं शकावलीचीच तिथि सांगितली. एक मावळांतील देशमुखाचें टिपण, एक संस्कृत काव्य, एक दूरदेशीचें ज्योतिषाचें कागदपत्र. यांनीं परस्परांवरून नक्कल केली असण्याचा संभव नाहीं. उपाधि गेला, तेव्हां हेतु बळकट झाला.

अभ्यासाची रीत सोपी आहे. एक वही करावी व छापलेल्या लेखांतून रोज एक अनुमान निवडावें; स्वतःचीं अनुमानें निवडल्यास अधिक चांगलें. पक्ष, साध्य, हेतु असे तीन ओळींत तें उतरावें. मग विचारावें: हेतु येथें खरोखर आहे काय? साध्य नसतां तो कोठें दिसतो काय? त्याची साक्ष उलट तर जात नाहीं? तितकाच बळकट प्रतिहेतु आहे काय? दुसरें प्रमाण त्यास बाधतें काय? पुष्कळशा लेखांत व्याप्ति लिहिलेलीच नसते. ती आपण स्पष्ट लिहिली कीं बहुतेक दोष तेथेंच उघडा पडतो.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. हेतु दुष्ट ठरला म्हणजे साध्य खोटें ठरत नाहीं. धुकें धूर नव्हे, म्हणून पर्वतावर अग्नि नाहींच असें म्हणणें हाही हेत्वाभासच. एखाद्या घराण्याच्या कागदास कोणी चुकीचें कारण देऊन जुना म्हटलें, दुसऱ्यानें तें कारण खोडलें, आणि तेवढ्यावरून अख्खा रुमाल ‘बनावट’ म्हणून अडगळींत गेला, तर हानि खोडलेल्या कारणाची होत नाहीं, इतिहासाची होते. म्हणून निकाल लिहितांना ‘सिद्ध’ व ‘खोटें’ यांच्या जोडीस ‘अद्याप असिद्ध’ असा तिसरा रकाना वहींत अवश्य ठेवावा, आणि त्या रकान्यांतील कागद तितक्याच काळजीनें बांधून ठेवावे.