धंदा, शासन आणि गीत

चित्रपटसंगीत धंदेवाईक म्हणून ते खोटे, आणि धंद्यापासून अलिप्त राहिलेले संगीत तेवढे अस्सल, अशी एक समजूत भारतातील सुशिक्षित रसिकवर्गात दीर्घकाळ रूढ आहे. या समजुतीला एकदा प्रत्यक्ष शासकीय धोरणाचे रूप आले होते. १९५२ मध्ये नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना मनःपूर्वक आस्था होती आणि चित्रपटगीतांविषयी तितकाच तिटकारा. आकाशवाणीने चित्रपटगीतांचा वाटा कार्यक्रमांच्या एक दशांशावर आणला. गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून तेही बंद केले. निर्मात्यांनी परवाने काढून घेतले. श्रोते मात्र सुधारले नाहीत. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. तेथे त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' एका दंतमंजनाच्या नावाने घरोघर पोचली. धंद्याला हाकलण्याच्या खटाटोपात धंदा अधिक उघड स्वरूपात परत आला, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा! १९५७ मध्ये 'विविधभारती' काढून आकाशवाणीला माघार घ्यावी लागली आणि १९६७ मध्ये तिच्यावर जाहिरातीही आल्या.

हा इतिहास शासनाच्या फजितीची कथा म्हणून सांगितला जातो. ती तशी आहेही. पण एवढ्यावर थांबले तर मूळ प्रश्न अस्पर्शित राहतो. धंदा कलेला नेमका कोठे बाधतो?

तो कलाकृतीच्या आकाराला बाधतो, असे प्रथम वाटते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल त्यात कोंबताना गवयांची कुचंबणा झाली, हे खरे. परंतु त्याच मापातून मराठी भावगीत घडले. जी. एन. जोशी यांनी गायिलेली ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता ध्वनिमुद्रिकेवरून जेवढ्या कानांपर्यंत गेली, तेवढ्या डोळ्यांपर्यंत कोणत्याही मासिकातून गेली नसती. कंपनीला नफा हवा होता, कवितेला गळा हवा होता, दोघांचेही साधले. मर्यादा मुळात विक्रेत्याने घातली एवढ्यावरून ती कलेला परकी ठरत नाही. वृत्ताचे बंधनही कवी स्वतः निर्माण करीत नाही.

खरा विचार 'गीतरामायणा'पाशी करावा लागतो. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. पुढे दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते झाली. शासकीय केंद्र, बाजाराचा संबंध नाही, विषय वाल्मीकीचा: अस्सलपणाच्या प्रचलित कल्पनेत बसणारे याहून नमुनेदार उदाहरण मिळणार नाही. पण ते रचले कोणी? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी. दोघेही चित्रपटव्यवसायात मुरलेले. १९५२ च्या 'लाखाची गोष्ट'ची गीते आणि संगीत याच जोडीचे, १९६० च्या 'जगाच्या पाठीवर'चेही. प्रसंग ऐकून त्याला नेमके पात्रानुरूप गीत देणे, दोन ओळींत नाट्य उभे करणे, चाल पहिल्या ऐकण्यातच मनात ठसेल अशी बांधणे, ही 'गीतरामायणा'ची सारी बलस्थाने चित्रशाळेत कमावलेली आहेत. ज्या कारखान्याला आकाशवाणी दार लावीत होती, त्याच कारखान्यातील कसब तिच्या सर्वांत लोकप्रिय निर्मितीत उतरले होते.

मग आकाशवाणीने निराळे काय दिले? पैसा नव्हे, मुदतीतून सुटकाही नव्हे, कारण आठवड्याचा तगादा स्टुडिओपेक्षा सौम्य नव्हता. तिने दिले ते वर्षभराचे आश्वासन. दहावे गीत फिके पडले तरी अकरावे होणारच होते. चित्रपटात प्रत्येक गीताला गल्ल्यापुढे स्वतःचा जामीन द्यावा लागतो. म्हणून निर्माता कालच यशस्वी ठरलेल्या चालीची प्रतिकृती मागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतिकृतीत चालीचा जीव जातो. धंदा बाधतो तो येथे: परिणामाची हमी तो निर्मितीच्या आधी मागतो. ही मागणी नफ्यासाठीच होते असेही नाही. चित्रपटगीताला पर्याय म्हणून केंद्रोकेंद्री 'सुगम संगीत' तयार करविले गेले, तेव्हा शिष्टसंमत अभिरुचीची हमीही अशीच आगाऊ मागितली गेली. आणि त्यातील पुष्कळशी गीते कोणालाही न विकता निर्जीव झाली.

'गीतरामायण' मात्र आकाशवाणीपुरते राहिले नाही. त्याची अन्य भारतीय भाषांत रूपांतरे झाली, ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि फडके ते पुढे कित्येक दशके रंगमंचावर सादर करीत राहिले. त्या मैफलीत ते स्वतः पेटी वाजवीत गात. आणि ही पेटी म्हणजे, जिला आकाशवाणीने १९४० मध्ये मज्जाव केला होता, तेच वाद्य.