विजेच्या मोटारीतील विकतची शक्ती

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात आंबागड नावाचा किल्ला डोंगरावर उभा आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सरदार राजाखान पठाण याने तो सुमारे १७०० साली बांधविला. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेला, तेव्हा ह्या किल्ल्याचा उपयोग बंदिखान्यासारखा होऊ लागला. तट तेच राहिले आणि दरवाजाही तोच राहिला. परंतु ज्या दरवाजाने पूर्वी आतल्या माणसांचे बाहेरच्या शत्रूपासून रक्षण केले, त्यानेच पुढे आतल्या माणसांस कोंडून ठेविले. कुलूप हितकर की जाचक, हे नुसत्या कुलपाकडे पाहून कळत नाही. ते कोणाच्या हिताकरिता लाविले आहे आणि किल्ली कोणाच्या कमरेस आहे, हे पाहावे लागते.

ह्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्ग येथे निघणारे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांच्या कामी येते, आणि विजेच्या साहाय्याने तो पदार्थ अधिक शुद्ध रूपात तयार करण्याचा ‘मॉईल’ ह्या सरकारी कंपनीचा कारखानाही तेथेच आहे. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींच्या बॅटऱ्यांत निकेल व कोबाल्ट ह्यांच्या जोडीस मँगनीज असतेच. अशा रीतीने आंबागडच्या पायथ्याकडील मातीचे आणि आजच्या मोटारीचे काही नाते आहे. परंतु किल्ल्याचे आणि मोटारीचे नाते त्याहून निराळे आहे. कारण विजेच्या मोटारीतही आता कुलपे आली आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या पैसे घेऊन विकल्या जात आहेत.

हा व्यवहार कसा होतो ते पाहावे. गृहस्थाने मोटार विकत घेतली, तिची पूर्ण किंमत भरली आणि ती दारात आणून उभी केली. काही महिन्यांनी गाडीतील पडद्यावर सूचना उमटते की, अमुक रक्कम भरल्यास हीच गाडी पूर्वीपेक्षा अधिक जोराने धावेल. रक्कम भरली की कोणी कारागीर येत नाही, एकही पेच फिरविला जात नाही, एकही भाग बदलला जात नाही. गाडी उभी असतानाच बिनतारी मार्गाने नवे सॉफ्टवेअर तिच्यात उतरते, आणि सकाळी तीच गाडी अधिक चपळ झालेली आढळते.

टेस्ला ह्या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये ‘मॉडेल ३’ च्या एका प्रकाराकरिता अशी सुधारणा दोन हजार डॉलरांस विकावयास काढली. तिच्या योगाने स्थिर स्थितीतून ताशी साठ मैलांचा वेग गाठण्याचा अवधी ४.४ सेकंदांवरून ३.९ सेकंदांवर आला. मर्सिडीझने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत असाच वाढीव जोर वर्षास बाराशे डॉलर वर्गणीने देऊ केला. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये ‘आयडी ३’ गाडीची शक्ती २०१ वरून २२८ अश्वशक्तीपर्यंत वाढविण्याकरिता महिन्यास साडेसोळा पौंड, अथवा एकदाच ६४९ पौंड असा दर ठेविला. आपल्याकडे ही कल्पना दुचाकींत आधी आली. एथर कंपनीने २०२३ मध्ये आपली ‘४५० एक्स’ स्कूटर कमी किमतीतही विकावयास आणली. चालविण्याच्या निरनिराळ्या पद्धती तीत बंद ठेविलेल्या होत्या, आणि सुमारे तीस हजार रुपयांच्या ‘प्रो पॅक’ने त्या खुल्या होत. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील पहिले दुकान उघडले, तेव्हा गाडीच्या किमतीखेरीज स्वयंचालनाच्या सॉफ्टवेअरचे सहा लाख रुपये निराळे सांगितले होते.

नुसत्या आज्ञेने यंत्राची शक्ती वाढावी, हे प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. जुन्या पेट्रोलच्या मोटारीत पायाखालची पट्टी दाबली की तार ओढली जाई, झडप उघडे आणि इंजिनात अधिक हवा व इंधन शिरे. विजेच्या मोटारीतील पट्टी कोणतीही झडप उघडीत नाही. ती किती दाबली गेली, एवढीच बातमी संगणकास पोहोचते. संगणक बॅटरीतील शिल्लक, तिचे उष्णतामान, मोटरचे उष्णतामान आणि चाकांची पकड ह्यांचा विचार करितो, आणि मग किती प्रवाह सोडावा ह्याची आज्ञा इन्व्हर्टरला देतो. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे मोटरला लागणाऱ्या उलटसुलट प्रवाहात रूपांतर करणे, हे इन्व्हर्टरचे काम होय. ४०० व्होल्टांच्या दाबाने ५०० अँपिअर प्रवाह वाहिला तर २०० किलोवॅट शक्ती मिळते. संगणकातील कोष्टकात ५०० च्या जागी ४०० हा आकडा लिहिला की, त्याच दाबास तीच गाडी १६० किलोवॅटांची होते. शक्ती विकणे म्हणजे पुष्कळदा हा एक आकडा बदलणे होय.

आता प्रश्न असा की, तो आकडा मुळात कमी का ठेविलेला असतो? ह्याची कारणे तीन असू शकतात, आणि ग्राहकाने ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.

पहिले कुलूप निसर्गाचे. तारेतून व घटांतून वाहणारा प्रवाह वाढला की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहा टक्के वाढला तर उष्णता एकवीस टक्के वाढते. विदर्भातील उन्हाळ्यात, जेव्हा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो, तेव्हा ही गोष्ट विसरून चालत नाही. त्याचप्रमाणे लिथियमचे घट नेहमी काठोकाठ भरणे किंवा तळापर्यंत रिकामे करणे त्यांच्या आयुष्यास अपायकारक असते. म्हणून उत्पादक वर व खाली थोडी जागा राखून ठेवितात. हे कुलूप गाडीच्या रक्षणाकरिता असते; ते पैसे देऊन काढावयाचे नसते आणि कोणी काढून देतो म्हटले तर त्याच्या वाटेस जावयाचे नसते.

दुसरे कुलूप कायद्याचे. ज्या विजेच्या दुचाकीची शक्ती २५० वॅटपर्यंत व वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, तिला ठरलेल्या अटी पाळल्यास नोंदणीची व परवान्याची आवश्यकता नसते. अशा काही गाड्यांत फेरफार करून अधिक वेग दिला जात असल्याचे आढळल्यावरून महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने मे २०२२ मध्ये त्यांविरुद्ध विशेष मोहीम काढली. परवान्याशिवाय एखाद्या मुलाच्या हाती दिलेली गाडी ताशी पंचवीसऐवजी पन्नास किलोमीटरने धावू लागली, तर धोका केवळ दंडाचा राहत नाही.

तिसरे कुलूप व्यापाऱ्याचे. येथे यंत्र समर्थ असते, कायद्याची आडकाठी नसते. केवळ किमतीचे दोन दर ठेवावयाचे असतात. दोन निरनिराळ्या बॅटऱ्या बनविण्यापेक्षा एकच बनवून काहींत ती अंशतः बंद ठेवणे कारखान्यास स्वस्त पडते. ह्यात ग्राहकाचा केवळ तोटाच असतो असे नव्हे. टेस्लाने २०१६ मध्ये ‘मॉडेल एस ६०’ ह्या नावाने विकलेल्या मोटारींत ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी बसविलेली होती. कमी पैशांत गाडी मिळाली, आणि पडद्यावर बॅटरी पूर्ण भरलेली दिसली तरी ती वस्तुतः काठोकाठ भरत नसल्यामुळे घटांवरील ताणही कमी राहिला. परंतु उरलेल्या बॅटरीचे वजन मालक रोज वाहत होता, आणि तिचा उपयोग मात्र त्यास करिता येत नव्हता.

सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतावर ‘इर्मा’ हे चक्रीवादळ चालून आले व लक्षावधी लोकांस घरे सोडून निघावे लागले. तेव्हा कंपनीने त्या भागातील अशा गाड्यांचे कुलूप दुरूनच काही दिवसांकरिता उघडले. संकटात सापडलेल्या प्रवाशांस जास्तीचे काही मैल मिळाले, हे चांगलेच झाले. पण त्याच क्षणी एक गोष्ट उघड झाली. गाडी मालकाच्या दारात असली तरी किल्ली शेकडो कोस दूर होती. आणि जो दुरून उघडू शकतो, तो दुरून बंदही करू शकतो.

घरगुती विजेचे उदाहरण येथे सहज आठवते. विद्युत कंपनी ‘मंजूर भार’ ठरविते आणि तो वाढवावयाचा असल्यास पैसे घेते. घरात येणारी तार पुष्कळदा तीच राहते. मात्र तेथे वाढलेला भार रस्त्यावरील रोहित्रास व वीजकेंद्रास पेलावा लागतो, म्हणून त्या आकारणीस कारण असते. मोटारीतील बॅटरी मात्र आधीच बनलेली, आधीच बसविलेली आणि मालकाच्या घरी आलेली असते.

राखीव शक्तीचा उपयोग निराळ्या हेतूनेही करिता येतो, हे भारतातच दिसून आले आहे. बंगळूरच्या रेवा कंपनीने २००९ मध्ये ‘रिव्हाइव्ह’ नावाची योजना पुढे आणली. वाटेत बॅटरी संपली तर दूरध्वनीने वा संदेशाने कळवावे आणि दुरूनच राखीव साठा उघडला जाऊन गाडीने काही किलोमीटर पुढे जावे, अशी ती योजना होती. २०१० मध्ये ह्या कंपनीत मुंबईच्या महिंद्रांनी बहुमताचा हिस्सा घेतला, आणि २०१३ मध्ये विक्रीस आलेल्या ‘ई२ओ’ मोटारीतही ही सोय होती. २६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेच्या टॅक्सींचा ताफा सुरू झाला, त्यात ह्याच घराण्यातील ‘ई२ओ प्लस’ गाड्या होत्या. तसेच पुण्याजवळ रांजणगाव येथे बनणाऱ्या ‘नेक्सॉन ईव्ही मॅक्स’चा प्रमाणित पल्ला टाटा कंपनीने २०२३ च्या आरंभी सॉफ्टवेअरच्या सुधारणेने ४३७ वरून ४५३ किलोमीटरवर नेला, व ती सुधारणा आधीच्या मालकांसही देऊ केली.

ह्यावरून व्यापाऱ्याच्या कुलपास सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु किल्ली विकत घेण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पहिली, खरेदी गाडीची की व्यक्तीची? फोक्सवॅगनने कायमची घेतलेली सुधारणा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाईल असे सांगितले. उलट २०२० मध्ये अमेरिकेत एका जुन्या टेस्ला गाडीच्या नव्या मालकास, विक्रीच्या वेळी असलेल्या सोयी मागाहून काढून घेतल्याचा अनुभव आला, आणि त्याचा बोभाटा झाल्यावर त्या परत मिळाल्या. दुसरी, वर्गणीचा हिशेब. साडेसोळा पौंडांची मासिक वर्गणी सव्वातीन वर्षांत एकरकमी ६४९ पौंडांची बरोबरी करिते; त्याहून अधिक काळ गाडी ठेवणाऱ्यास वर्गणी महाग पडते. तिसरी, वाढीव शक्तीनंतर बॅटरीची हमी पूर्ववत राहते काय? चौथी, नोंदणी व विमा. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास करिता येत नाही. म्हणून शक्तीचा आकडा बदलत असेल तर परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस आधी विचारणे शहाणपणाचे आहे. आणि उत्पादकाशी संबंध नसलेला कोणी स्वस्तात कुलूप उघडून देण्याची भाषा करील, तर तो तीनपैकी कोणते कुलूप उघडीत आहे हे त्याचे त्यासही ठाऊक नसण्याचा संभव असतो.

अखेर अर्ध्या सेकंदाची किंमत काय, हे ज्याने त्याने आपल्या रस्त्यावरून ठरवावे. तुमसरहून भंडाऱ्यास जाताना बैलगाडी, सायकल आणि धानाने लादलेले ट्रॅक्टर ह्यांच्यामधून वाट काढणाऱ्यास त्या अर्ध्या सेकंदाचा उपयोग क्वचितच होईल. त्यास पल्ल्यातील वीस किलोमीटरांचे मोल अधिक वाटेल. परंतु पैसे वेगाकरिता दिले वा पल्ल्याकरिता दिले, तरी आपण एखादी वस्तू घेतो आहो, की आपल्याच वस्तूच्या उपयोगाची परवानगी घेतो आहो, हे ग्राहकाने आधी समजून घेतले पाहिजे. परवानगी असेल तर तिची मुदत, तिच्या अटी आणि ती काढून घेण्याचा अधिकार कोणास आहे, हे पावतीवर असले पाहिजे. आणि ती पावती गाडीच्या नोंदणीपत्राशेजारी, त्याच पाकिटात जपून ठेविली पाहिजे.