मोठेपणी पोहायला शिकताना

पिंपळगाव बसवंतहून तीसेक किलोमीटरवरच्या नाशिकच्या तलावांवर पोहायला येणारी मोठी माणसं दोन प्रकारची असतात. काही जण आयुष्यात कधी पाण्यात उतरलेले नसतात. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं असतं, किंवा बागेत शेततळं झालेलं असतं आणि घरात लहान मुलं असतात. बाकीचे लहानपणी विहिरीत शिकलेले. ते तासभर पाण्यात आरामात राहतील, पण तलावाची एक लेंथ पुरी करताना त्यांना धाप लागते आणि शेजारच्या लेनमध्ये साठी उलटलेले एखादे आजोबा न थांबता जात-येत असतात. दोघेही काठावर येऊन एकच प्रश्न विचारतात: चार लोकांत दोन दिवसांचं तंत्र-शिबिर करावं, की पैसे जास्त गेले तरी स्वतंत्र कोच लावावा?

काठावर बसून दोन्ही प्रकारची शिकवणी मी जवळून पाहिली आहे. माझं मत असं झालं आहे की आपलं कुठे अडलंय हे आधी ओळखावं. श्वासापाशी अडलं असेल तर स्वतंत्र कोच हवा. पाण्यातल्या शरीराच्या ठेवणीपाशी अडलं असेल तर शिबिर जास्त देतं. पैशाचा हिशेब त्यानंतर.

विहिरीवरच्या शिक्षणात एकट्याची शिकवणी आणि गट हे दोन्ही एकत्र होतं. पाठीला वाळका भोपळा किंवा बंद केलेला पत्र्याचा डबा, पुढच्या काळात ट्रॅक्टरची ट्यूब, कमरेला दोर आणि दोराचं टोक काठावरच्या काकाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या हातात. तो एकट्या तुमच्याकडे बघत असायचा. बाकीची पोरं काठावरून सूर आणि मुटके मारत असायची, आणि त्यांच्याकडे बघून निम्मं शिकणं व्हायचं. भीती तिथे गेली ती कायमची गेली. पण विहीर ती केवढी! दहा-बारा हात मारले की समोरची कपार हाताला लागते. तेवढ्यासाठी तोंड पाण्यात घालायची गरज पडत नाही. डोकं वर, नजर समोर, पाय खाली, अशी सवय लागते आणि तीच पुढे तलावाच्या लांबीत नडते.

कारण साधं आहे. फुप्फुसांत हवा असते म्हणून छाती तरंगते. कंबर आणि पाय जड असतात म्हणून ते खाली जातात. डोकं वर काढलं की पाय आणखी खाली जातात आणि शरीर तिरकं होऊन पाणी ढकलत राहतं. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट, आणि वेग दुप्पट करायला गेलं तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे ताकद वाढवून फारसं हाती लागत नाही. द्राक्षाच्या हंगामात दिवसभर क्रेट उचलणारा दणकट माणूस अर्ध्या लेंथमध्ये दमतो, आणि बारीक चणीची एखादी आजी सहज पुढे जाते, ते यामुळेच.

आधी पहिल्या प्रकारच्या माणसांबद्दल. पंचेचाळिशीच्या एका शिक्षिकेची शिकवणी मी पाहत होतो. उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्यासमोर उभ्या. पहिल्या तासात हात मारणं नाही की पाय मारणं नाही. "ताई, तोंड पाण्यात घाला आणि हवा सोडा. घ्यायची नाही, सोडायची." शिक्षिकाबाई तोंड घालायच्या, श्वास कोंडून धरायच्या आणि घाबऱ्या होऊन वर यायच्या. वर आल्यावर मोठा श्वास घ्यायला बघायच्या आणि तो घेता यायचा नाही, कारण छातीत आधीची हवा तशीच भरलेली. जीव गुदमरतो तो बऱ्याचदा हवा संपल्यामुळे नव्हे, आत कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. मॅडमनी त्यांना पाण्यात तोंड घालून 'हं...' असा सूर धरायला सांगितलं. सूर धरला की हवा नाकातून आपोआप सुटते आणि बुडबुडे दिसले की ती सुटते आहे हे कळतं.

मग उताणं तरंगणं. मानेखाली मॅडमची दोन बोटं. कान पाण्याखाली गेले की बाहेरचे आवाज एकदम बुजतात आणि नवख्या माणसाला तिथेच भीती वाटते. मॅडमनी एक बोट काढलं, मान ताठ झाली. बोट परत लावलं, मान सैल झाली. हे बराच वेळ चाललं. आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा आला तो तरंगल्यावर पुन्हा उभं राहण्याचा: गुडघे पोटाशी घ्यायचे, तळहातांनी पाणी खाली दाबायचं, डोकं वर आणायचं आणि मगच पाय टेकायचे. आडवं झालो तर उभं कसं राहायचं हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मोठी माणसं आडवीच व्हायला तयार नसतात. लहान मूल हे धडपडत शिकतं. मोठ्या माणसाला ते सांगावं लागतं, करून दाखवावं लागतं आणि त्या वेळी हात धरावा लागतो.

बारा जणांच्या गटात हे होत नाही. कोच काठावर उभा असतो, शिट्टी वाजते, सगळे भिंत धरून पाय मारू लागतात. घाबरलेला माणूसही पाय मारतो, कारण शेजारचे मारत असतात. भीती तशीच राहते आणि महिनाभराने तो येणं बंद करतो. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. परक्या माणसांसमोर, पोहण्याच्या कपड्यांत, पहिल्यांदाच पाण्यात उतरणं हीच मोठी पायरी असते. बाईमाणूस शिकवायला असेल, किंवा निदान फक्त महिलांची बॅच असेल, तर निम्मं ओझं तिथेच उतरतं.

आता विहिरीत शिकलेल्यांचं शिबिर. पहिल्या सकाळी प्रत्येकाला एक लेंथ पोहायला लावलं आणि काठावरून व पाण्याखालून त्याचं चित्रीकरण केलं. मग सगळे पडद्यासमोर बसले. "माझे पाय सरळच असतात," असं सांगणाऱ्या एका व्यापाऱ्याने पडद्यावर स्वतःचे पाय कात्रीसारखे फाकलेले पाहिले आणि तो गप्प झाला. आपलं शरीर पाण्यात काय करतंय याची आपल्याला वाटणारी कल्पना आणि खरी गोष्ट यांत मोठं अंतर असतं. ते सांगून पटत नाही, बघावं लागतं.

पडद्यावर चूक एकेकाची येत होती, शिकत होते सगळे. एकाचं डोकं वर, दुसऱ्याचा हात मधली रेघ ओलांडून पलीकडे, तिसऱ्याचं कोपर पाण्याखाली आधीच पडलेलं, चौथा श्वास घेताना अख्खा वळलेला. तीन-चार जणांचं चित्रीकरण होईपर्यंत मंडळी कोचच्या आधी चूक सांगू लागली. डोळा तयार झाला, आणि तयार झालेला डोळा मग स्वतःकडेही वळतो. शिबिराची खरी कमाई ही आहे. कोचशी एकट्याने शिकणाऱ्याला फक्त स्वतःची चूक भेटते; इथे सगळ्यांच्या चुका भेटतात आणि आपली त्यांतली कोणती ते कळतं.

नंतरचे तास छोट्या छोट्या सरावांचे. कुशीवर राहून नुसते पाय मारत जाणं. एक हात पुढे ठेवून दुसरा त्याला येऊन मिळेपर्यंत थांबणं. मूठ आवळून पोहणं. त्याने तळहाताचा आधार जातो आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात पाणी धरायला शिकतो. प्रत्येक सरावानंतर लेंथला किती हात लागले ते मोजायचं. आकडा कमी झाला आणि दमही लागला नाही, तर ठेवण सुधारली. मोठ्यांसाठी अशा शिबिरांची पद्धत रुजवण्यात अमेरिकी प्रशिक्षक टेरी लाफलिन यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९८९ मध्ये 'टोटल इमर्शन' सुरू केलं. आधी शरीर समतोल आणि लांब करायचं, ताकदीचा विचार नंतर, हे त्यांचं सूत्र. २०१७ मध्ये ते गेले, पण मोठ्यांच्या शिबिरांत हा विचार आजही ऐकू येतो.

पिंपळगावच्या माणसाला हा फरक समजावून सांगायची खरं तर गरज नाही. छाटणीच्या आधी द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र असतं, तिथे शेकडो जण एकत्र बसून ऐकतात. आणि आपल्या बागेत काडी का तयार होत नाही हे कळेना झालं की कन्सल्टंटला प्लॉटवर बोलावतात. चर्चासत्राने नजर येते, प्लॉट व्हिजिटने आपल्या बागेचा उपाय मिळतो. नवी लागवड करणाराच जर पहिल्या दिवशी चर्चासत्रात जाऊन बसला तर त्याच्या कानावरून निम्मं निघून जातं. पोहण्याचंही तसंच आहे.

दोन्हींच्या मर्यादाही पाहिल्या. स्वतंत्र शिकवणीत माणूस कोचच्या हाताला सवकतो. हात आहे तोवर तरंगतो, काढला की बुडतो. म्हणून कोच मधूनमधून लांब जाऊन उभा राहतो की नाही ते बघावं. दर हाताला सूचना देणारा कोचही नको. एका तासात एकच गोष्ट सुधारली तरी ती पुष्कळ झाली. शिबिराची मर्यादा वेगळी. दोन दिवस संपले, माणसं खूश होऊन घरी गेली, आणि महिनाभर पाण्यात उतरलीच नाहीत तर शरीर जुन्या सवयीवर परत येतं. शिबिरात ठेवण कळते, ती अंगी लागते नंतरच्या एकट्याच्या सरावात. त्यामुळे शिबिरानंतर आठवड्यातून दोन-तीन सकाळी मोकळ्या नसतील, तर शिबिर पुढे ढकलावं.

इथे हंगामाचा विचार आलाच. जानेवारीपासून द्राक्षांची काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि तिच्या पाठोपाठ फवारण्यांची धावपळ. बागायतदाराला सवड असते ती साधारण पावसाळ्यात, तीही टोमॅटो नसेल तर. थंडीत नवशिक्याने उघड्या तलावात सुरुवात करू नये. आपल्या निफाड तालुक्यातली थंडी राज्यात गाजलेली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नीचांकी तापमानाची बातमी दर हिवाळ्यात येते. गार पाण्यात श्वास आपोआप आखडतो आणि जी गोष्ट आधी शिकायची तीच अवघड होते.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. शिबिर असेल तर एका कोचमागे किती माणसं? पाण्याखालचं चित्रीकरण होतं का, आणि ते घरी मिळतं का? न थांबता किमान किती अंतर पोहता यायला हवं? जो आयोजक "कोणीही या" म्हणतो, त्याच्याकडे पोहता न येणाऱ्याने जाऊ नये. स्वतंत्र कोच असेल तर तो पाण्यात उतरतो की काठावरूनच शिकवतो? घाबरलेल्या मोठ्या माणसांना त्याने शिकवलंय का, की त्याचा सगळा हात स्पर्धेच्या मुलांवर बसलाय? आणि त्याची एक शिकवणी काठावरून बघू देतो का? बघू दिली तर अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

माझ्या मते सर्वांत कमी पैशांत जास्त मिळण्याचा क्रम असा: ज्याला येत नाही त्याने श्वास, तरंगणं आणि उभं राहणं होईपर्यंत स्वतंत्र शिकवणी घ्यावी, मग गटाची बॅच. एक लेंथ सलग झाली की शिबिर. शिबिरानंतर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा एकच स्वतंत्र तास, केलेला सराव तपासून घेण्यासाठी. विहिरीत शिकलेल्याने थेट शिबिरापासून सुरुवात केली तरी चालेल.

पण तंत्र चांगलं झालं म्हणून या तालुक्यातल्या माणसाचं शिक्षण पुरं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. आपल्याकडे पाणी आहे ते विहिरीत, पालखेडच्या कालव्यात आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात. शेततळ्याचा उतार शेवाळाने इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. तिथे गाठी मारलेला दोर आणि फुगवलेली ट्यूब कायम बांधलेली हवी, भोवती कुंपण हवं. आणि शिकवणाऱ्याकडून एक धडा हट्टाने मागून घ्यावा: अंगावरच्या रोजच्या कपड्यांसकट पाण्यात उतरून, हातपाय न झाडता, उताणं शांत तरंगत राहणं आणि मदतीसाठी हाक मारणं. दुसरा कोणी बुडताना दिसला तर उडी न घेता दोर किंवा ट्यूब फेकायची, हेही त्याच तासात. शिबिर घ्या की स्वतंत्र कोच, हा धडा जो देत नाही त्याची शिकवणी पिंपळगावच्या माणसासाठी अपुरी आहे.