शिकाऊ उमेदवार म्हणजे नेमके कोण?

आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेल्या मुलाला कानस धरता येते. पण यंत्र बंद पडले आहे, पाळी थांबली आहे आणि सुपरवायझर डोक्यावर उभा आहे, अशा वेळी नेमका कोणता बोल्ट आधी सैल करायचा, हे त्याला वर्गात कळत नाही. ते कळते शॉपफ्लोअरवर, जुन्या कारागिराच्या शेजारी उभे राहून. ही सोय 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने केली आहे.

तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो. तो नोंदवलेला आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे; लाजू नये. दरमहा मिळतो तो पगार नव्हे, विद्यावेतन. कायद्याच्या लेखी हा उमेदवार कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. तरी कामाचे तास, रजा आणि सुरक्षिततेचे नियम त्यालाही लागू आहेत. अपघातात इजा झाली, तर भरपाईही मिळते.

मुदत संपल्यावर परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. करारात तशी अट नसेल, तर त्याच कंपनीने नोकरी द्यावी असे बंधन मात्र नाही. घरचे नेमके इथेच गैरसमज करून घेतात. ‘चिकटला’ म्हणून पेढे वाटायची घाई नको.

वर्षभर फक्त झाडू मारायला किंवा माल उचलायला लावत असतील, तर तक्रार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे करता येते.