जहाजाच्या अंगावर लिहिलेलं विज्ञान

नाशिक-सांगलीच्या बागांतली निर्यातीची द्राक्षं जानेवारीपासून न्हावा-शेवा बंदराकडे निघतात. त्यातला मोठा हिस्सा नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि तिथून ट्रकने युरोपभर जातो. प्रवासात कंटेनरचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेलं असतं. तरीही द्राक्ष गोठत नाही, कारण रसातली साखर गोठणबिंदू शून्याच्या खाली नेते. फळाचं श्वसन मात्र मंदावतं आणि तोडणीनंतर कित्येक आठवड्यांनीही मणी टवटवीत राहतो.

या प्रवासात माल ज्यांच्या ज्यांच्या हातांतून जातो, ती माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत. बागायतदार निफाडचा, जहाज पनामाच्या झेंड्याखालचं, मालक जपानी, खलाशी भारतीय किंवा फिलिपिनो आणि क्रेन हलवणारा डच. भाषा, कायदा, चलन सगळंच वेगळं. तरीही हा व्यवहार रोज बिनबोभाट चालतो, कारण बंदरात कुणाच्या शब्दावर विसंबून राहावं लागत नाही. जहाज किती भरलंय, पाणी किती खोल आहे, वारा कुठून आहे हे सगळं मोजलेलं असतं आणि बरंचसं उघडपणे लिहिलेलंही असतं. रॉटरडॅमच्या धक्क्यावर उभं राहून ते कुणालाही वाचता येतं.

नदीच्या मुखाशी

ऱ्हाईन आणि मास या नद्या जिथे उत्तर समुद्राला मिळतात, तिथे हे बंदर वसलं आहे. जुनं शहर समुद्रापासून बरंच आत. मुखाशी गाळ साचत गेल्याने एकोणिसाव्या शतकात मोठी जहाजं शहरापर्यंत पोहोचेनाशी झाली. तेव्हा पीटर कालांड या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे वाळूच्या टेकड्या फोडून समुद्राकडे सरळ कालवा काढला गेला. १८७२ मध्ये तो खुला झाला. भरती-ओहोटीचा प्रवाहच कालवा खरवडून रुंद करील, असा कालांड यांचा कयास होता. प्रत्यक्षात गाळ साचत राहिला आणि यंत्रांनी उपसावा लागला. तो उपसा आजही चालू आहे.

या कालव्याच्या आधाराने बंदर समुद्राकडे सरकत गेलं. आज त्याची लांबी ४० किलोमीटरहून अधिक आहे. १९६२ पासून पुढची चार दशकं ते जगातलं सर्वांत मोठं बंदर होतं. आता आशियातली बंदरं पुढे गेली असली, तरी युरोपात पहिला मान रॉटरडॅमचाच. वर्षाला ४३-४४ कोटी टन मालाची इथे ये-जा होते.

सात अंक आणि एक वर्तुळ

धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या पिछाडीला नाव आणि नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं. ही दोन्ही बदलू शकतात. जहाज विकलं गेलं की नाव बदलतं, झेंडा बदलतो. बदलत नाही तो आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीचा सात अंकी क्रमांक. जहाज बांधलं जाताना मिळालेला हा क्रमांक ते भंगारात निघेपर्यंत कायम राहतो.

तो खरा आहे का, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’चा क्रमांक आहे ९८११०००. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणायचं. ६३, ४८, ५, ४, ०, ० अशी उत्तरं येतात आणि बेरीज होते १२०. बेरजेचा शेवटचा अंक शून्य, आणि क्रमांकाचा सातवा अंकही शून्य. लिहिताना एखादा अंक चुकला, तर बहुतेक वेळा हा मेळ बसत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. कंटेनरवरच्या क्रमांकाचा शेवटचा अंकही याच कामासाठी असतो, फक्त त्याचं गणित थोडं लांबलचक आहे.

जहाजाच्या मध्यभागी, पाण्याच्या रेषेजवळ एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ दिसते. शेजारी शिडीसारख्या आणखी रेघा आणि अक्षरं असतात. जहाज किती भरायचं, याची ही मर्यादा. एकोणिसाव्या शतकात विम्याच्या भरवशावर काही मालक जुनाट जहाजं गच्च भरून पाठवत आणि खलाशी बुडून मरत. ब्रिटिश खासदार सॅम्युअल प्लिम्सॉल यांनी त्याविरुद्ध रान उठवलं. १८७६ च्या कायद्याने ही खूण सक्तीची झाली. ती कुठे मारायची हे मात्र मालकाच्याच हाती राहिलं होतं. ती पळवाट १८९० मध्ये बंद झाली. आज ही खूण जगभर पाळली जाते.

पण एवढ्या रेघा कशासाठी? कारण पाणी सगळीकडे सारखं नसतं. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचं वजन सुमारे १,०२५ किलो, तर गोड्या पाण्याचं १,०००. तरंगणारं जहाज स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं. पाणी हलकं असेल, तर तेवढंच वजन भरायला ते जास्त बाजूला सारावं लागतं आणि जहाज अधिक खोल बसतं. समुद्रात १४ मीटर बुडालेलं जहाज नदीच्या गोड्या पाण्यात शिरलं, की साधारण ३५ सेंटीमीटर आणखी खाली जातं. म्हणून गोड्या पाण्याची रेघ वेगळी, आणि हवामानामुळे उष्ण समुद्राची वेगळी, हिवाळ्यातल्या वादळी समुद्राची वेगळी. आर्किमिडीजचं तत्त्व इथे रंगाने रंगवून ठेवलंय आणि त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

पाण्याखालची वाट

रॉटरडॅमचं खरं बळ खोलीत आहे. ‘बर्ग स्टाल’ हे १९८६ मध्ये बांधलेलं जहाज ब्राझीलहून लोहखनिज घेऊन इथे यायचं. त्याची लांबी ३४२ मीटर, आणि पूर्ण भरलं की ते २३ मीटर पाण्यात बुडायचं. कितीतरी वर्षं भरलेल्या ‘बर्ग स्टाल’ला सामावून घेणारं युरोपातलं एकमेव बंदर रॉटरडॅम होतं. त्यासाठी उत्तर समुद्राच्या तळात ५० किलोमीटरहून लांब चर खोदून राखलेला आहे. तरीही अशी जहाजं मनाला येईल तेव्हा आत येऊ शकत नाहीत. भरतीचं गणित मांडून त्यांना ठरावीक वेळ दिली जाते.

तळाशी किती पाणी शिल्लक आहे, हे जहाजाच्या वेगावरही ठरतं. उथळ जागी चालणाऱ्या जहाजाच्या पोटाखालून पाण्याला चिंचोळ्या फटीतून मागे जावं लागतं, त्यामुळे ते जोरात वाहतं. प्रवाहाचा वेग वाढला की दाब घटतो. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते डॅनिएल बर्नुली जन्मले नेदरलँड्समधल्याच ख्रोनिंगन शहरात. दाब घटल्यामुळे जहाज तळाकडे ओढलं जातं. हा परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग निम्मा केला की ओढ चौथाईवर येते. जहाजात चढलेला बंदराचा पायलट वेग कमी करायला सांगतो, त्यामागे हे कारणही असतं.

‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये रुतलं, तेव्हा ते रॉटरडॅमलाच निघालं होतं. ४०० मीटर लांब, जवळपास ५९ मीटर रुंद, आणि जहाजावरचे सर्व २५ कर्मचारी भारतीय. २३ मार्चला ते आडवं झालं. टगबोटींनी ओढलं, ड्रेजरने नाळेजवळची वाळू उपसली, पण शेवटचा हातभार लावला चंद्राने. २८ मार्चला होळी पौर्णिमा होती. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा प्रत्येक मच्छीमार जाणतो, की पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाण्याला उधाण येतं. त्या उधाणाने पाणी वाढलं आणि २९ मार्चला जहाज सुटलं. भरपाईच्या वादात ते इजिप्तमध्ये अडकून राहिलं आणि रॉटरडॅमला पोहोचायला जुलै संपत आला.

लंबक आणि चालकाविना गाड्या

बंदराच्या पश्चिम टोकाला मासव्लाक्ट नावाचा भाग आहे. तिथे १९९३ मध्ये कंटेनर वाहून नेणाऱ्या चालकरहित गाड्या धावू लागल्या. असं स्वयंचलित कंटेनर टर्मिनल जगात पहिलंच. जमिनीत पुरलेल्या खुणा वाचून गाडी आपली जागा ओळखते. २०१५ मध्ये उघडलेल्या नव्या टर्मिनलमध्ये धक्क्यावरच्या उंच क्रेनवरही चालक बसत नाही. तो दूरच्या खोलीत पडद्यासमोर असतो. हे टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीची न्हावा-शेवाच्या एका टर्मिनलमध्येही भागीदारी आहे.

क्रेनची खरी अडचण वजन उचलण्याची नसते. दोरावर टांगलेला कंटेनर म्हणजे भलामोठा लंबक. दोर ४० मीटर असेल, तर एका झोक्याला सुमारे १२ ते १३ सेकंद लागतात, आणि कंटेनर रिकामा असो वा ३० टनांचा, हा वेळ बदलत नाही. झोका थांबायची वाट पाहत बसलं, तर एकेका कंटेनरला मिनिटं लागतील. म्हणून क्रेनच्या वरच्या गाड्याचा वेग अशा लयीत वाढवतात आणि कमी करतात, की कंटेनर इच्छित जागेवर पोहोचताना झोका आपोआप शून्य होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण दोरा आणि गोळी घेऊन जे मोजलं, तेच सूत्र इथे रात्रंदिवस राबतं.

समुद्राला लावलेलं दार

१९५३ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राचं वादळी पाणी बांध फोडून आत घुसलं आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर किनाऱ्यावर अडथळ्यांची मोठी साखळी उभी राहिली. पण रॉटरडॅमचा कालवा कायमचा बंद करता येत नव्हता, कारण बंदराचा श्वास त्याच्यातूनच चालतो. त्यावर १९९७ मध्ये सापडलेलं उत्तर म्हणजे मासलांट अडथळा.

३६० मीटर रुंद पात्राच्या दोन्ही काठांना दोन वक्र पोलादी दारं आहेत, प्रत्येकी २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच. एरवी ती काठावरच्या कोरड्या गोदीत विसावलेली असतात. पाण्याची पातळी प्रमाण समुद्रपातळीच्या वर तीन मीटरची मर्यादा गाठणार असा अंदाज आला, की संगणक निर्णय घेतो. गोदीत पाणी सोडलं जातं, पोकळ दारं तरंगू लागतात आणि पात्राच्या मध्यावर येतात. मग दारांच्या पोटात पाणी भरतात आणि ती बुडून तळावर बसतात. जे तत्त्व जहाज तरंगतं ठेवतं, तेच समुद्राला अडवायला वापरलंय. लाटांचा प्रचंड रेटा प्रत्येक दाराच्या मागच्या १० मीटर व्यासाच्या पोलादी चेंडूवर येतो. वादळासाठी ही दारं पहिल्यांदा नोव्हेंबर २००७ मध्ये बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये पाणी मर्यादेवर जाण्याच्या अंदाजाने संगणकाने ती आपणहून बंद केली. दरवर्षी वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी त्यांची चाचणी होते, ती पाहायला लोक मुलांना घेऊन येतात.

नवी जमीन आणि आपला प्रश्न

२००८ ते २०१३ या काळात रॉटरडॅमने समुद्रात भर घालून बंदर आणखी वाढवलं. पहिल्या टप्प्यात सुमारे २४ कोटी घनमीटर वाळू समुद्रतळातून शोषून आणली गेली. त्या वाळूबरोबर मॅमथचे दात आणि हाडंही वर आली. हिमयुगात उत्तर समुद्राच्या जागी जमीन होती, याचे हे पुरावे. नव्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांना आजही ते सापडतात.

हे काम सुरळीत मार्गी लागलेलं नव्हतं. जानेवारी २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने प्रकल्पाच्या आराखड्यातले महत्त्वाचे निर्णय रद्द केले. भरावामुळे उत्तरेकडे वाहत जाणारा गाळ आणि माशांची पिल्लं यांवर काय परिणाम होईल, याचा पुरेसा अभ्यास झालेला नव्हता. मग प्रवाहांची गणितं नव्याने मांडली गेली, किनाऱ्यालगतच्या समुद्राचा मोठा पट्टा संरक्षित झाला, आणि त्यानंतरच वाळू हलली. काही वर्षं उशीर झाला, पण बंदर उभं राहिलंच.

हा अनुभव आज आपल्या थेट कामाचा आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण इथे मोठं बंदर होत आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. न्हावा-शेवापेक्षा कितीतरी खोल नैसर्गिक पाणी हे या जागेचं बलस्थान, आणि मासेमारी व किनाऱ्यावरचं जगणं ही तिथल्या लोकांची वर्षानुवर्षांची चिंता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मोजता येण्याजोग्या आहेत. भरावानंतर प्रवाह कुठे वळेल, गाळ कुठे बसेल, माशांच्या प्रजननाच्या जागांचं काय होईल, याचे आकडे सतत घेतले जावेत आणि ते डहाणूच्या मच्छीमाराला, पालघरच्या शाळकरी मुलीला मराठीत वाचता यावेत. जहाज किती भरलंय हे मालकाच्या मर्जीवर न ठेवता त्याच्या बाजूवर रंगवून टाकायला प्लिम्सॉल यांनी जगाला भाग पाडलं. समुद्रावर किती भार आपण टाकतोय, त्याची रेघही तशीच सर्वांना दिसेल अशी मारली गेली पाहिजे. ती मागण्याचा हक्क किनाऱ्यावरच्या माणसाचा आहे, आणि ती आखण्याचं शास्त्र आपल्याकडे आहे.