थांबत्या गाडीची वीज

लॉस एंजेलिसच्या भुयारी मेट्रोवर वेस्टलेक-मॅकआर्थर पार्क नावाचे स्टेशन आहे. तिथल्या वीज उपकेंद्रात २०१४ साली पोलादी फ्लायव्हीलचा, म्हणजे जड फिरत्या चाकांचा, एक संच फिरू लागला. या संचात वीज साठते जेमतेम ८.३३ युनिट, म्हणजे मध्यमवर्गीय घराचा एखाद्या दिवसाचा वापर. एवढ्याशा विजेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणालाही वाटेल. पण ब्रेक लावणाऱ्या गाडीची ती वीज हा संच पंधरा सेकंदांत पोटात घेतो आणि तितक्याच वेळात परत देतो. ही दोन मेगावॉटची ताकद झाली. गाडीमागून गाडी येते आणि दिवसभर हेच चालते. रेल्वेच्या साठवणुकीत वीज किती मावते याला फार महत्त्व नाही, किती झटकन मावते यावर सगळे ठरते.

त्या फ्लायव्हीलची बांधणी पाहण्यासारखी आहे. जड रोटर हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात असतो, म्हणजे त्याला हवा अडवत नाही. बेअरिंग चुंबकीय असल्याने धातूला धातू घासत नाही. मिनिटाला दहा ते वीस हजार फेऱ्या. गाडी ब्रेक लावते तेव्हा फेऱ्या वाढतात, गाडी सुटते तेव्हा उतरतात. यात रसायन नाही, त्यामुळे लाखो वेळा भरले-रिकामे केले तरी त्याचे फारसे काही झिजत नाही.

मुळात ही वीज येते कुठून? सहाशे टनांची गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्या गतीत सुमारे ४१ युनिट ऊर्जा असते. जुन्या पद्धतीत ही सगळी ब्रेकच्या घर्षणात तापून जायची. विजेच्या गाडीत मात्र मोटरलाच जनित्र करता येते. चाके मोटर फिरवतात, वीज तयार होते आणि गाडीचा वेग उतरतो. अडचण एकच. या विजेला त्याच क्षणी घेणारा कोणीतरी हवा.

हे आपल्या घाटातल्या रेल्वेला शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला मुंबईत विजेची पहिली गाडी व्हीटीहून कुर्ल्याकडे धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. १९२९ मध्ये तारा बोरघाट चढून पुण्याला पोहोचल्या. १ : ३७ चा तो चढ. तिथे मालगाड्या ओढायला स्विस बनावटीचे लांब नाकाडांचे इंजिन आले. आपल्याकडे त्याचे नाव ‘खेकडा’ पडले. उतारावर हे इंजिन वीज परत तारेत सोडू शकत असे, आणि चढणाऱ्या गाडीला ती लगेच कामी येई. म्हणजे उतरणाऱ्याने चढणाऱ्याला हात द्यायचा. त्यातले ‘सर लेस्ली विल्सन’ मुंबईत जपून ठेवलेले आहे. मुंबईकराने एकदा तरी त्याच्यापुढे थांबावे.

पण चढणारी गाडी जवळ नसेल तर? डीसी मार्गावरचे नेहमीचे रेक्टिफायर एसीचे डीसी करतात, उलट दिशेने वीज जाऊ देत नाहीत. घेणारा नसला की तारेतला विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो आणि गाडीला ती वीज रोधकांत जाळावी लागते. भुयारात याची डबल शिक्षा: आधी वीज जाळून बोगदा तापवायचा, मग पंख्यांवर वीज खर्चून तो थंड करायचा. हे मला केवळ आर्थिक नुकसान वाटत नाही, ती चुकीची रचना आहे.

मुंबईने आपली सुटका वेगळ्या मार्गाने करून घेतली. २००७ पासून थ्री-फेज लोकल आल्या. उपनगरी मार्ग १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर गेले: पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये, मध्य रेल्वेचा शेवटचा टप्पा २०१५ मध्ये, हार्बर २०१६ मध्ये. एसीत ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी वीज जाऊ देतो, त्यामुळे लोकलने ब्रेक लावला की जवळच्या गाड्या आणि त्यापलीकडे विजेचे जाळे घेणारे होते. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिका आणि नागपूर मेट्रोही २५,००० व्होल्टवरच आहेत. साठवणुकीचा खरा प्रश्न आहे तो कोलकाता, बंगळुरू, कोची यांच्यासारख्या ७५० व्होल्ट डीसीच्या, तिसऱ्या रुळावर चालणाऱ्या मेट्रोंचा. तिथे दोनच वाटा आहेत: उलटी वीज जाळ्यात पाठवणारा इन्व्हर्टर बसवायचा, नाहीतर साठवायची. दुसरी वाट महाग दिसते, पण साठवण दोन उपकेंद्रांच्या मधोमध ठेवली तर गर्दीच्या वेळी तिसऱ्या रुळातला दाबही सावरून धरते. फक्त वीज परत पाठवणारा इन्व्हर्टर हे करू शकत नाही.

फिलाडेल्फियाने साठवणुकीतून कमाईही केली. २०१२ मध्ये तिथल्या मार्केट-फ्रँकफर्ड मार्गावरच्या लेटर्ली उपकेंद्रात लिथियम-आयन बॅटरी बसली. ती ब्रेकची वीज साठवू लागली, शिवाय प्रादेशिक वीज-बाजाराला फ्रीक्वेन्सी सांभाळायला मदत करून त्याचे पैसे मिळवू लागली. आपल्या मेट्रो कंपन्यांनी या हिशेबाकडे गंभीरपणे पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण साठवणुकीचा खर्च ब्रेकच्या विजेतूनच वसूल झाला पाहिजे असे काही नाही.

साठवण गाडीतच नेली तर काय होते, हे चीन-जपानने दाखवले. ग्वांगझूच्या ट्राममध्ये सुपरकपॅसिटर आहेत. डोक्यावर तार नाही. ट्राम थांब्यावर प्रवासी चढ-उतार करतात तेवढ्यात भरून घेते. जपानच्या कारासुयामा मार्गावर २०१४ पासून बॅटरीची गाडी धावते. मुख्य मार्गावर ती तारेखाली भरते आणि विनातारेचे २०.४ किलोमीटर आपल्या १९० युनिटांच्या बॅटरीवर पार करते. एन७००एस शिंकान्सेनमध्येही २०२० पासून लिथियम-आयन बॅटरी आहे, वीज गेली तरी बोगद्यातून वा पुलावरून सुरक्षित जागी पोहोचण्यापुरती.

अशी सोय नसली की काय होते, ते मुंबईने पाहिले. १९ ऑगस्ट २०२५ ला भर पावसात मुंबईची मोनोरेल मैसूर कॉलनीजवळ अडकली आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून पाचशेहून अधिक प्रवासी उतरवावे लागले. जादा भारामुळे गाडीचा वीज-पट्टीशी संपर्क तुटला, असे सांगण्यात आले. अशा वेळी उपकेंद्रातली कितीही मोठी बॅटरी निरुपयोगी, कारण वीज गाडीत शिरण्याची वाटच बंद झालेली असते. तिथे लागते ती गाडीच्या पोटातली, पुढच्या स्टेशनापर्यंत नेणारी साठवण.